गर्दच्या पैशावरून खून, सत्र न्यायालयाची फाशी आणि त्यानंतरचे कागद

‘गर्दच्या व्यवहारातून खून, आरोपीला फाशी’ अशी बातमी आली की वाचणारा दोन गोष्टी धरूनच चालतो. पहिली, फाशी गर्दमुळे (म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच हलका प्रकार) झाली. दुसरी, आता वर्ष-दोन वर्षांत ती दिली जाईल. दोन्ही खरं नाही. अशा खटल्यात फाशी येते ती खुनाच्या कलमाखाली. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३०२, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३(१). (दोन्ही आकडे पुढची बरीच वर्षं कोर्टात एकत्र नांदणार आहेत, तेव्हा दोन्ही पाठ असलेले बरे.) आणि सत्र न्यायाधीशांनी सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात आणताच येत नाही. आरोपीने अपील केलं नाही, वकील दिला नाही, ‘मला मरायचंय’ असं लिहून दिलं, तरीही प्रकरण उच्च न्यायालयात जातंच.

अपिलांची गोष्ट म्हटली की सगळ्यांच्या नजरेसमोर दिल्लीतले मोठे वकील येतात. पण या प्रकारच्या खटल्यात फाशी टिकते की पडते, हे बहुतेक वेळा पोलीस ठाण्यातल्या पहिल्या आठवड्यातल्या कागदांवर ठरतं, आणि दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर जी सुनावणी होते तिच्यात रेकॉर्डवर काय आलं यावर. वरची कोर्टं तेच कागद पुन्हा वाचतात. जे खालीच आलं नाही ते वर आणायला फार घाम गाळावा लागतो.

आधी अमली पदार्थांच्या कायद्यातल्या फाशीचा गोंधळ मिटवू. एनडीपीएस कायदा १९८५ चा. १९८९ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३१अ घातलं गेलं. एकदा मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस पुन्हा ठरावीक वजनाच्या मालात दोषी ठरला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही. अफू १० किलो, हेरॉइन किंवा मॉर्फिन १ किलो, कोकेन ५०० ग्रॅम, चरस २० किलो, मेथॲम्फेटामाइन दीड किलो, असं ते कोष्टक आहे. मुंबईतल्या विशेष कोर्टाने २००८ मध्ये चरसच्या एका प्रकरणात या कलमाखाली फाशी सुनावली होती. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. अजय खानविलकर आणि न्या. ए. पी. भंगाळे) सांगितलं की न्यायाधीशाला पर्यायच न ठेवणारी फाशी घटनेत बसत नाही. त्यांनी कलम रद्द केलं नाही, ‘फाशीच’च्या जागी ‘फाशी देता येईल’ असं वाचायला सांगितलं. पाया होता सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या मिठू निकालाचा, ज्यात जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनाला सक्तीची फाशी देणारं कलम ३०३ गेलं होतं. २०१४ मध्ये संसदेनेही ३१अ मध्ये तसाच बदल केला. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइनवर फाशी होते, हे लोकांना माहीत असतं आणि इथेही तसंच असेल असं वाटतं. आपल्याकडे हेरॉइनची व्यावसायिक मात्रा २५० ग्रॅमपासून, मेफेड्रोनची म्हणजे एमडीची ५० ग्रॅमपासून, आणि त्याला १० ते २० वर्षं. मुंबईत जिचं नाव रोज कानावर येतं ती एमडी ३१अ च्या कोष्टकात नावाने नाहीच.

मग खुनाच्या खटल्यात गर्द येतं कुठे? तीन ठिकाणी, आणि ती तिन्ही एकमेकांत मिसळली की खटला नासतो. एक, खुनाचं कारण म्हणून: उधारी, इलाका, टिप दिल्याचा संशय. दोन, टोळी सिद्ध करायला, म्हणजे मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) किंवा न्याय संहितेचं संघटित गुन्हेगारीवरचं नवं कलम १११. तीन, आरोपी स्वतः गर्दुल्ला असेल तर त्याच्या मनःस्थितीचा आणि पुढे शिक्षेचा मुद्दा म्हणून. पहिल्या दोन गोष्टी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या, तिसरी बचावाने. प्रत्यक्षात सरकारी वकील पहिल्या दोन गोष्टींवर भाषण करतात, पुरावा कमी देतात. बचावाचे वकील तिसरीला हातच लावत नाहीत, कारण ‘आरोपी नशेत होता’ म्हटलं की तो तिथे होता हे कबूल केल्यासारखं होईल, अशी धास्ती. ती धास्ती दोषसिद्धीपर्यंत समजण्यासारखी आहे. दोषी ठरवल्यानंतरही तीच धास्ती धरून बसणं हा निष्काळजीपणा.

उड्डाणपुलाखाली किंवा रेल्वेच्या हद्दीत रात्री झालेल्या खुनाला डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार क्वचित मिळतो. मिळाला तर तोही नशा करणारा, पत्ता नसलेला. खटला उभा राहतो तोवर समन्स ‘सदर पत्त्यावर मिळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. म्हणून चांगला तपास अधिकारी अशा साक्षीदाराचा जबाब लगेच दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घेतो (जुनं १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३). पण तो जबाब स्वतः पुरावा नव्हे. साक्षीदार पिंजऱ्यात आला तर त्याला दुजोरा द्यायला किंवा त्याला खोडायला तो वापरता येतो, इतकंच. साक्षीदार आलाच नाही किंवा फितूर झाला तर त्या कागदावर कुणाला दोषी ठरवता येत नाही.

राहतो परिस्थितीजन्य पुरावा. त्याची मोजपट्टी पुण्याच्याच एका खटल्यातून आली आहे: शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध हवा, सगळे दुवे मिळून साखळी पूर्ण हवी आणि त्यातून आरोपी सोडून दुसऱ्या कुणाकडे बोट जाता कामा नये. फाशीच्या अपिलात उच्च न्यायालय ही साखळी एकेक कडी ओढून बघतं. तुटते ती बहुधा हत्यार काढून दिल्याच्या पंचनाम्यात.

हा पंचनामा दोन भागांचा असतो. पहिला ठाण्यातला, ज्याला सगळे मेमोरँडम म्हणतात. दोन पंचांसमोर आरोपी म्हणतो, ‘सुरा मी अमुक ठिकाणी लपवून ठेवला आहे, चला, दाखवतो.’ त्याचे शब्द त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे उतरायला हवेत. दुसरा भाग जागेवरचा. ठाण्यातून किती वाजता निघाले, कोणत्या गाडीने, गाडी कुणी कुठे थांबवायला सांगितली, पुढे कोण चालत होतं, सुरा कशाखाली होता, लांबी किती, पात्यावर डाग कुठे. मग तो खाकी कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, लाखेचं सील मारून वर लेबल. लेबलावर पंचांच्या सह्या, तारीख, गुन्हा रजिस्टर क्रमांक. निघतानाची आणि परतल्याची स्टेशन डायरीतली नोंद वेगळी. परत आल्यावर मुद्देमाल रजिस्टरचा क्रमांक.

आता बिघाड कुठे होतो ते बघा. मेमोरँडममध्ये वेळ १६.१० आणि जागेवरचा पंचनामा १६.३० ला सुरू, मधलं अंतर मात्र मुंबईच्या संध्याकाळच्या वाहतुकीत तासाभराचं. दोन्ही भागांवर पंचांच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच बैठकीतल्या दिसणाऱ्या. पंच असे की त्याच ठाण्याच्या आणखी चार खटल्यांत तेच पंच. सुरा मिळाला तो सार्वजनिक नाल्याच्या काठावर, उघड्यावर, जिथे कुणालाही दिसला असता. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून हे ठरलेलं आहे की आरोपीच्या बोलण्यातला तेवढाच भाग चालतो ज्यातून वस्तू सापडली. ‘याच सुऱ्याने मी मारलं’ हे वाक्य पंचनाम्यात असतं, पण कोर्टासाठी ते नसल्यातच जमा. बातमीत नेमकं तेच छापून येतं, हा भाग वेगळा.

पुढची कडी कलिनाची, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेची. सीए रिपोर्ट, म्हणजे तिथल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, उघडताना सगळ्यात आधी रक्तगट बघू नका. आधी बघा की मुद्देमाल ठाण्यातून कोणत्या तारखेला निघाला, नेणाऱ्या शिपायाचा जबाब घेतला आहे का, आणि ‘सील शाबूत, नमुन्याप्रमाणे’ अशी नोंद आहे का. जप्ती आणि पाठवणी यांच्यात तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस पाकीट कुणाच्या ताब्यात होतं हे सांगायला कुणीच आलं नाही, तर अहवालात काहीही असो, त्याचं वजन निम्म्यावर येतं. आणि अहवालात बऱ्याचदा असतं ते एवढंच: मानवी रक्त, गट निश्चित होत नाही. खालच्या कोर्टात हे ‘रक्त आढळलं’ म्हणून पुढे सरकतं. वर गेल्यावर विचारलं जातं, कुणाचं?

मृताच्या शरीरात अमली पदार्थ होता का, हाही प्रश्न अशा खटल्यात येतो. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीराच्या आतले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचा असतो, रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड. घाईत कुणी फॉर्मलिन ओतलं तर ऊतकांची तपासणी होईल, विषाची आणि ड्रगची मात्र धड होणार नाही. शवविच्छेदन अहवालात ‘व्हिसेरा राखून ठेवला’ एवढंच लिहिलेलं असतं. कशात, हे उलटतपासात विचारावं लागतं.

मोबाइलचं तसंच. सीडीआर (कॉलच्या नोंदी) आणि टॉवर लोकेशनशिवाय आता एकही खटला नसतो. त्यासोबत प्रमाणपत्र लागतं (जुनं ६५ब, नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३). जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये हे पक्कं झालं. आणि दाट वस्तीत टॉवर लोकेशन म्हणजे माणूस त्या गल्लीत होता असं नव्हे. गोवंडी किंवा धारावीत एका टॉवरखाली किती हजार लोक झोपतात याचा विचार केला की पुरे.

आता गर्दची बाजू. आरोपीला पकडताना त्याच्या अंगझडतीत पुड्या सापडल्या की त्याचा एनडीपीएसचा वेगळा गुन्हा होतो आणि त्याची शिस्तही वेगळी. कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क सांगायचा. ४८ तासांत वरिष्ठांना अहवाल (कलम ५७). नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे (५२अ): अफू, गांजा, चरस २४ ग्रॅम, बाकी पदार्थ ५ ग्रॅम, प्रत्येकी दोन नमुने. ५२अ चुकलं म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण खुनाचा आणि एनडीपीएसचा मुद्देमाल एकाच दिवशी, त्याच पंचांसमोर, त्याच हवालदाराने सील केला असेल तर एका खटल्यातलं भोक दुसऱ्यात दिसतं. एनडीपीएसचा खटला आधी निकाली निघून आरोपी सुटला, तर खुनाचं ‘गर्दचा व्यवहार’ हे कारणही लंगडं होतं. शिवाय एनडीपीएसखाली कलम ६७ चा, म्हणजे तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला, जबाब कबुली म्हणून चालत नाही, तोफान सिंग निकालानंतर (२०२०) तर नाहीच.

आरोपीवर आधीचे ड्रगचे गुन्हे आहेत एवढ्यावरून त्याने खून केला असं अनुमान काढायचं नाही, हा पुरावा कायद्याचा जुना नियम (जुनं कलम ५४). निकालपत्रात ‘आरोपी हा सराईत पेडलर असून’ हे वाक्य दोषसिद्धीच्या भागात आलं की अपील लिहिणाऱ्याने तिथे खूण करून ठेवावी. ते टोळी सिद्ध करायला आणायचं तर मकोकाचा रीतसर रस्ता आहे: मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं, ज्यांची कोर्टाने दखल घेतली आहे, उपमहानिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी, आणि मग अतिरिक्त महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची अभियोग मंजुरी. मकोकात उपायुक्तासमोरची कबुली पुरावा म्हणून चालते, आणि सरकार पक्षाला मोह पडतो तो इथे. मोहाचं काय होतं ते जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात दिसलं. तो गर्दचा खटला नाही, पण कायदा हाच. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, आणि २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या कबुल्या नाकारून सगळ्यांना निर्दोष सोडलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं. सुटलेल्यांना पुन्हा आत मात्र पाठवलं नाही.

नशेचा बचाव फार लोकांना चुकीचा माहीत असतो. स्वतःहून नशा केली असेल तर कायदा माणसाला शुद्धीवरच्या माणसाइतकीच जाणीव होती असं धरतो (जुनं ८६, नवं २४). उद्देश मात्र प्रत्यक्ष परिस्थितीवरून ठरवायचा. १९५६ च्या बासदेव निकालापासून हाच धागा आहे: नशा इतकी होती का की मारण्याचा उद्देश मनात तयारच होऊ शकला नसता? तसं दाखवता आलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, आणि फाशीचा प्रश्नच उरत नाही. दाखवायचं कशाने? अटकेनंतर लगेच झालेल्या वैद्यकीय तपासणीने. गर्दसारख्या अफूजन्य पदार्थाचा मागमूस लघवीत साधारण दोन-तीन दिवस राहतो. चौथ्या दिवशी वकील लागला तर ती वेळ गेली. मग उरतो तुरुंगाचा दवाखाना. आत आल्यावर पहिल्या आठवड्यात घाम, उलट्या, जुलाब, अंग मोडून येणं, झोप नाही, अशा नोंदी ओपीडीच्या रजिस्टरवर असतात, कारण औषध दिलेलं असतं. त्या नोंदीची प्रमाणित प्रत खटला सुरू होण्याआधी मागितली तर मिळते. सात वर्षांनी मागितली तर रजिस्टर वाळवी लागलेलं किंवा निकाली काढलेलं.

आता शिक्षेची सुनावणी. बचन सिंग (१९८०) म्हणतो की गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघा, फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात, आणि जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तरच. महाराष्ट्रातल्याच बरियार प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की फक्त गुन्ह्याची क्रूरता मोजून भागत नाही, सुधारणेला वाव नाही हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवावं लागतं. तरी अनेक निकालपत्रांत शिक्षेचा भाग दीड पानाचा: आरोपीचं वय कमी, घरी म्हातारी आई, पण गुन्हा निर्घृण, सबब फाशी. सकाळी दोषी, दुपारी शिक्षा. सप्टेंबर २०२२ मध्ये न्या. उदय लळीत सरन्यायाधीश असताना हा त्याच दिवशीच्या शिक्षेचा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला.

त्याआधी मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने यादीच घालून दिली. सरकारने आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन रेकॉर्डवर आणायचं, शक्यतो खटल्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावर. बालपण कसं गेलं, घरात मारहाण किंवा हेळसांड होती का, शिक्षण, कमाई, आधीचे गुन्हे, मानसिक आजार. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल. तुरुंगातल्या वागणुकीचा, कामाचा, शिक्षणाचा अहवाल. गर्दुल्ल्याच्या बाबतीत ही यादी सोन्यासारखी आहे आणि तिचा वापर जवळपास शून्य. बाराव्या वर्षी व्हाइटनर आणि सोल्युशन हुंगणारा, पंधराव्या वर्षी गर्द ओढणारा मुलगा पंचविसाव्या वर्षी कोर्टात उभा असतो, तेव्हा त्याच्या मेंदूवर त्या दहा वर्षांनी काय केलं हे सांगणारा एकही कागद फाईलमध्ये नसतो. महापालिकेच्या शाळेतून नाव कधी कमी झालं, बालगृहात होता का, व्यसनमुक्ती केंद्रात किती वेळा दाखल झाला आणि का सोडून आला, सरकारी रुग्णालयाचा केसपेपर. हे कागद मुंबईत मिळतात, पण पायपीट करून. आणि व्यसन सुटलंय हे दाखवायला तुरुंगातली पाच-सात वर्षं बिननशेची गेली हाच सगळ्यात भक्कम पुरावा ठरू शकतो.

अडचण अशी की आर्थर रोडला फाशीची सोय नाही. राज्यात ती येरवड्याला आणि नागपूरला. शिक्षा झाली की कैदी तिकडे जातो, मानखुर्दच्या आईची मुलाखत दर पंधरवड्याऐवजी वर्षाला दोन-तीनदा होते, आणि वकिलाचं तर विचारूच नका. ज्या काळात ही माहिती गोळा व्हायला हवी त्याच काळात माणूस लांब जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मनोजची यादी पाळली गेली नसेल तर फाशी अंतिम झाल्यावरही अनुच्छेद ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग) शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येतो. दार किलकिलं झालंय. त्यातून आत न्यायला कागद तर हवेत.

उच्च न्यायालयात दोन गोष्टी एकत्र चालतात: सत्र न्यायालयाने फाशी कायम करण्यासाठी पाठवलेली कन्फर्मेशन केस आणि आरोपीचं अपील, ज्याला ३० दिवसांची मुदत. दोन न्यायाधीशांचं पीठ, दोघांची सही. मतभेद झाले तर तिसऱ्याकडे. इथे फक्त कायद्याचा मुद्दा बघत नाहीत, सगळा पुरावा नव्याने तपासतात. फाशी कायम करणं, दुसरी शिक्षा देणं, फेरखटला, निर्दोष मुक्तता, जादा पुरावा घेणं, सगळे अधिकार आहेत. त्यासाठी पेपरबुक लागतं: जबानी, पंचनामे, सीए रिपोर्ट, सगळं क्रमाने लावून, मराठी कागदांच्या भाषांतरासह. पानांची संख्या हजारांत जाते आणि भाषांतरात ‘सुरा’ एका पानावर चाकू, दुसऱ्यावर तलवार होतो. भाषांतर मूळ पंचनाम्याशी ताडून बघणं हे कंटाळवाणं काम ज्याने केलं त्याच्या हाती कधीकधी अख्खं अपील लागतं.

फाशी रद्द होऊन जन्मठेप होते तेव्हा आजकाल मधला रस्ता निघतो: २५ किंवा ३० वर्षं, माफीशिवाय, म्हणजे मधे शिक्षेत सूट न देता. श्रद्धानंद (२००८) आणि श्रीहरन (२०१५) या निकालांनी तो रस्ता पक्का केला, पण तो फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयासाठी. सत्र न्यायाधीशापुढे फाशी किंवा साधी जन्मठेप एवढेच दोन पर्याय असतात. चौदा वर्षांत सुटेल या भीतीने काही न्यायाधीश फाशीकडे झुकतात, असं निकालपत्रं वाचताना वाटत राहतं.

सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी याचिकेला ६० दिवस, सुनावणी किमान तीन न्यायाधीशांपुढे. ते गेलं तर ३० दिवसांत फेरविचार याचिका. २०१४ च्या मोहम्मद आरिफ निकालापासून फाशीच्या प्रकरणात ती उघड कोर्टात ऐकावी लागते, बाकीच्यांसारखी दालनात नाही. त्यानंतर क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावर त्याच कोर्टात मागायची शेवटची दाद. तिच्यातून फारसं कुणाला काही मिळत नाही.

मग दयेचा अर्ज. नव्या संहितेच्या कलम ४७२ ने त्याला वेळापत्रक दिलं. तुरुंग अधीक्षकाने अपील फेटाळल्याचं कळवल्यापासून ३० दिवस. आधी राज्यपालांकडे गेला आणि नाकारला गेला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचं म्हणणं आणि रेकॉर्ड आल्यापासून केंद्राने ६० दिवसांत शिफारस करायची. राष्ट्रपतींचा निर्णय ४८ तासांत राज्याच्या गृह विभागाला आणि तुरुंगाला कळवायचा. राष्ट्रपतींनी स्वतः किती दिवसांत ठरवायचं, याला मात्र मुदत नाही. याच कलमात हा निर्णय अंतिम असून कोर्टाने त्यात शिरू नये असंही म्हटलंय. पण विलंब हा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद २१ चा प्रश्न आहे आणि एका पोटकलमाने तो पुसला जाईल असं मला वाटत नाही.

कारण महाराष्ट्रातल्या अलीकडच्या दोन मोठ्या फाशी विलंबावरच गेल्या. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फाशी कायम केली, दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या मधल्या वर्षांमुळे जन्मठेप केली. पुण्याच्या बीपीओ कर्मचाऱ्याच्या खुनात राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये अर्ज नाकारला, आणि डेथ वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये. सुमारे दोन वर्षं एक कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात गेला नाही. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ३५ वर्षांची शिक्षा केली, डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. शत्रुघ्न चौहान निकालाने (जानेवारी २०१४) अर्ज फेटाळल्याची लेखी सूचना आणि फाशी यांच्यात किमान १४ दिवस बंधनकारक केले आहेत, आणि सगळे मार्ग संपण्याआधी काढलेलं वॉरंट टिकत नाही हे २०१५ च्या शबनम प्रकरणात ठरलं.

विलंबाच्या याचिकेचं पहिलं जोडपत्र असतं तारखांचं कोष्टक. अर्ज तुरुंगातून कोणत्या जावक क्रमांकाने निघाला, मंत्रालयात गृह विभागाने कोणत्या दिवशी आवक केला, पोलिसांचा अहवाल कधी मागवला आणि कधी आला, दिल्लीला फाईल कधी गेली, कोणते कागद कमी आहेत म्हणून कधी परत आली. माहिती अधिकारात या नोंदी मागता येतात. अर्ज पडून असतानाच, दर सहा महिन्यांनी मागून ठेवाव्यात. वॉरंट निघाल्यावर मागायला गेलं की उत्तराची ३० दिवसांची मुदत आणि फाशीची तारीख यांची शर्यत लागते.